गुलाबरावांच्या सायकलचा विमा

सायकलचा विमा असतो असं सांगितलं की नागपूरचा माणूस आधी हसतो. मग बाजूच्याला हाक मारून सांगतो, "ऐकलं का गा, सायकलचा विमा म्हणे!" मग ते दोघं मिळून हसतात. मी तोवर समोरचा चहा पिऊन घेते, कारण हसणं संपलं की पुढचा प्रश्न कोणता येणार हे मला माहीत असतं. "आणि मॅडम, काहीच नाही झालं तर पैसे वापस भेटतात का?"

नाही भेटत! अहो, कसे भेटतील? वर्षभर बिल्डिंगला वॉचमन ठेवला आणि चोर आलाच नाही, तर त्याचा पगार वापस मागता का तुम्ही? हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की माझ्या नवऱ्यालाही पाठ झालंय. मी स्वयंपाकघरात फोनवर बोलत असले की तो बाहेरच्या खोलीतून आधीच ओरडतो, "वॉचमन!"

मी साधारण विम्याची एजंट होते. साधारण विमा म्हणजे माणसाच्या आयुष्याचा विमा सोडून बाकी सगळा: गाडी, दुकान, आग, चोरी, आजारपण. यंदा काम बंद केलं, तर या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा ना." गमतीदार! बाई, या धंद्यात गंमत नंतर वाटते. होत असते तेव्हा नुसतं डोकं फिरतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते सायकलवाल्यांनी, म्हणून त्यांचंच लिहिते. गेल्या काही वर्षांत आमच्या धरमपेठेत सकाळी सकाळी हेल्मेट घालून सायकलवर निघणारी मंडळी फार वाढली. सायकल म्हणजे साधीसुधी नव्हे, माउंटन बाइक. जाड टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, आणि किंमत अशी की तेवढ्यात मोटरसायकल येईल. आता नागपुरात माउंटन कुठून आणायचा? एक सेमिनरी हिलचा चढ आहे, तोही दमा असलेल्या माणसालाच चढ वाटतो. पण सायकल महाग म्हटल्यावर चोरीची भीती आली, आणि भीती आली की लोकांना माझा नंबर आठवतो.

हा विमा निवडायचा म्हणजे काय निवडायचं, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. चार गोष्टी असतात. सायकल चोरीला गेली तर, हे एक. सायकल मोडली तर, हे दुसरं. चालवणाऱ्याला लागलं तर, हे तिसरं. आणि चालवणाऱ्याने दुसऱ्या कुणाला उडवलं तर, हे चौथं. शंभरातल्या शंभर लोकांना फक्त पहिलं हवं असतं. मी तिसऱ्यापाशी आले की घरातली बाई आतून येते आणि म्हणते, "ताई, नव्या वस्तूसमोर असं अभद्र नका ना बोलू." अहो, सायकल लोखंडाची आहे, तिला वेल्डिंग होतं. तुमच्या नवऱ्याचं डोकं वेल्ड होणार आहे का? हे मी मनात म्हणते. तोंडाने म्हणते, "वहिनी, चहा छान झालाय."

बरं, नुसती चोरी घेतली तरी त्यात अटी असतात. सायकल अचल वस्तूला कुलूप लावून बांधलेली असली पाहिजे, ही त्यातली मुख्य. अचल म्हणजे न हलणारी: खांब, जिना, भिंतीतली कडी. हे मी प्रत्येकाला शब्दाशब्दाला समजावून सांगायची. एका निवृत्त बँकवाल्या साहेबांनाही सांगितलं होतं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं, चांगल्यातलं कुलूप आणलं, आणि सायकल बांधली मागच्या अंगणातल्या कूलरच्या स्टँडला.

चोरांनी काय करावं? दिवसाढवळ्या आले आणि कूलर, स्टँड, सायकल असं सगळं जोडीने उचलून टेम्पोत घातलं. शेजाऱ्यांना वाटलं कूलर दुरुस्तीवाले आलेत. त्यांनी बिचाऱ्यांनी गेट उघडून धरलं!

साहेब माझ्यावरच चिडले. "मॅडम, भरलेला कूलर चार माणसांच्या बापाले हालत नाही."

"भरलेला होता का?"

"जुलैमध्ये कूलर कोण भरते?"

"मग?"

"मग काय मग? अचलच होता ना थो मे महिन्यात!"

क्लेम नामंजूर झाला. साहेबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. अजूनही भाजीबाजारात दिसले की ते वांग्यांकडे बघतात.

पण हे सगळं चिल्लर. खरा ताप दिला तो मंगेश काळबांडेने.

मंगेश कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. उंचापुरा, गोड बोलणारा, आणि कशालाच नाही न म्हणणारा. म्हणजे कामही न करणारा. डॉक्टरांनी त्याला शुगर वाढल्याचं सांगितलं आणि पठ्ठ्याने दसऱ्याच्या मुहूर्तावर माउंटन बाइक आणली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या फ्लॅटवर गेले. हॉलच्या मधोमध सायकल उभी, हँडलला झेंडूचा हार, सीटवर आपट्याची पानं. बायको रेणुका शाळेत शिक्षिका. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मंगेशचे वडील, गुलाबराव. बुटके, काटक, पांढरा पायजमा आणि वर बंडी. काटोल रोडने ऐंशीएक किलोमीटरवर, नरखेड तालुक्यातल्या गावी संत्र्याची बाग, ती धाकटा भाऊ बघतो. बायको गेल्यावर मुलाने त्यांना नागपूरला आणलं होतं. मी आल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते.

मी सायकल आडवी करून पॅडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर बघितला, फोटो काढले, माझं नाव आणि मोबाइल नंबर असलेलं स्टिकर फ्रेमला चिकटवलं. आणि बिल मागितलं. बिलावर हळदीकुंकवाची बोटं, आणि नाव गुलाबराव काळबांडे.

"सायकल चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी," मंगेश म्हणाला.

"मग बिल बाबांच्या नावावर काहून?"

"आमच्याकडं तसंच असते मॅडम. कोणतीही नवी वस्तू आली का पहिलं बिल बाबांच्या नावानं. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन. रेणुकाची स्कूटीपण बाबांच्याच नावावर हाये."

"हो," रेणुका आतून म्हणाली, "अन् सिग्नल तोडल्याचा दंडपण बाबांच्याच नावानं येते."

मी समजावून सांगितलं. बिल ज्याच्या नावावर, पॉलिसी त्याच्या नावावर. पॉलिसी ज्याच्या नावावर, तोच सायकल चालवताना कव्हर. या कंपनीचा नियमच तसा होता, वापर त्या एका माणसाचाच. "उद्या तुम्ही पडलात तर कंपनी विचारणार, गुलाबराव पडले का? नाही? मग नमस्कार. दुकानदाराला सांगा आणि बिलावरचं नाव बदलून आणा. दहा मिनिटांचं काम आहे."

"बदललं असतं मॅडम, पण बिल पूजेत ठेवलं होतं ना. आता हळदकुंकू लागल्यावर बदलणं बरं दिसत नाही."

आता बोला! शिकलेला माणूस, कारखान्यात करोडोंची खरेदी करतो, आणि बिलाला हळदकुंकू लागलं म्हणून अडून बसलाय. मी म्हटलं, मग निदान चोरीचंच घ्या, बाकीचं कव्हर घेऊन उपयोग काय? तर म्हणतो, "नाही मॅडम, घ्यायचं तर पूर्ण घेऊ. बाबांच्या नावाची वस्तू, अर्धवट कव्हर कसं घ्यायचं?" म्हणजे जे कव्हर कामाचं नाही तेसुद्धा मानाने घ्यायचं. मी कपाळाला हात लावला. गुलाबरावांच्या वयाची अट तपासली, चालवणाऱ्याचं कव्हर सत्तरीपर्यंत मिळत होतं, ते बसत होते. जिथे मंगेशची सही हवी होती तिथे गुलाबरावांची घेतली.

सही करताना त्या माणसाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, हे कुठवर चालते?"

"काय काका?"

"हे कव्हर. नागपूरपुरतंच हाये का पुढं बी?"

मी इतकी वैतागले होते की वर न बघताच म्हटलं, "भारतभर चालतं काका. भारतभर!"

"बरं," ते म्हणाले, आणि पेन मला परत दिलं.

मंगेशने सायकल दिवाळीपर्यंत चालवली. मग थंडी आली, मग कारखान्यात काम वाढलं, मग गुडघा दुखायला लागला. सायकल खाली पार्किंगमध्ये जिन्याच्या पाइपाला बांधून उभी. मी मात्र दर थोड्या दिवसांनी फोन करायची. नाव बदललं का? "बदलतो ना मॅडम." बदललं का? "या हप्त्यात नक्की." त्याला वाटत असेल की या बाईला दुसरा उद्योग नाही. एजंट पॉलिसी विकून मोकळा होतो असं लोकांना वाटतं. पण क्लेमच्या वेळी ज्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणावं लागतं, तो कंपनीच्या साहेबाला ओळखत नसतो, मला ओळखत असतो.

संक्रांत होऊन गेली होती. शिवरात्रीच्या सुमाराला रेणुकाचा फोन आला. आवाज थकलेला. "ताई, आमच्या घरी एकाच दिवशी दोन अपघात झाले. हे सायकलवरून पडले अन् बाबा बाथरूममध्ये घसरले. बाबांच्या हाताले प्लेट टाका लागते म्हणते डॉक्टर. उद्या ऑपरेशन हाये. सायकलच्या विम्यात काही बसते का?"

मी तिला सांगितलं की बाथरूम सायकलच्या विम्यात बसत नाही. आणि मंगेशची तर... मंगेशचं मी तिथे येऊनच बघते, असं म्हणून फोन ठेवला आणि स्कूटर काढली. वाटभर भाषण तयार केलं. नाव बदल, नाव बदल म्हणून घसा कोरडा केला होता मी!

पार्किंगमध्ये आधी सायकल बघितली. पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं झालेलं, फोर्क वाकलेला, हँडल फिरलेलं. जोरात पडलेला होता माणूस. वाकून फोटो घेताना सीटकडे लक्ष गेलं. सीट पार खाली, शेवटच्या खुणेवर. मंगेशसारखा उंच माणूस त्या सीटवर बसला असता तर गुडघे हनुवटीला लागले असते.

वर गेले. मंगेशने दार उघडलं. अंगावर एक ओरखडा नाही.

"कुठे लागलं?"

"मुका मार हाये मॅडम."

"मंगेश, क्लेम बसत नाही. पॉलिसी तुमच्या नावावर नाही."

"नाही बसत ना?" तो म्हणाला. "मग राहू द्या मॅडम. काही हरकत नाही."

आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला. इतकी वर्षं लोकांना मी नाही म्हटलं आहे. लोक रडले, ओरडले, एकाने माझ्या स्कूटरची हवा सोडली. नाही ऐकून कुणाला बरं वाटलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

आत गुलाबराव पलंगावर बसले होते. उजवा हात झोळीत. आणि पायजम्याच्या उजव्या पायाला, पोटरीजवळ, काळ्या ग्रीसची दातेरी नक्षी. सायकलच्या चेनच्या चाकाचे दात. बाथरूममध्ये म्हणे घसरले!

"मंगेश, खाली चला. सायकलचे फोटो घ्यायचेत," मी म्हटलं.

पार्किंगमध्ये पोचल्या पोचल्या तो बोलायला लागला. "मॅडम, बाबांनी मले शपथ घातली हाये. संक्रांतीपासून चालवून राहिले ते. रेणुका शाळेत गेली का निघतात, अन् ती यायच्या आत वापस. काटोल रोडनं जातात. मले पण उशिरानं समजलं. एक दिवस सीट खाली दिसली."

"आणि तुम्ही थांबवलं नाही?"

"कसं थांबवू?" त्याचा आवाज एकदम बदलला. "गावाहून आणलं तवापासून बाबा गॅलरीत बसून राहायचे. पूर्ण दिवस. टीव्ही नाही, पेपर नाही. मी बोललो तर हूं, नाही बोललो तरी हूं. आई गेली तेव्हाही एवढे चूप नव्हते. अन् सायकल चालवाले लागले तवापासून जेवताना पोळी मागून राहिले मॅडम. रेणुकाले वाटते तिच्या हाताले चव आली. तिले समजलं तर ती काटोलच्या माझ्या बहिणीले फोन करन, दोघी मिळून सायकल विकतीन. हायवे हाये, ट्रक चालतात. त्याहीचंही बरोबर हाये. पण मंग बाबा पुन्हा त्या गॅलरीत."

मी ऐकत होते आणि माझा राग उकळत होता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अहो, पॉलिसी गुलाबरावांची. सायकल गुलाबरावांची. चालवत होते गुलाबराव, पडले गुलाबराव, हात मोडला गुलाबरावांचा! सगळ्या अटी तंतोतंत बसणारा असा स्वच्छ क्लेम मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. क्लेम मिळावा म्हणून खोटं बोलणारे मी ढीगभर बघितले. हे बापलेक क्लेम बुडावा म्हणून खोटं बोलत होते! आणि ज्या हळदकुंकवाच्या बिलापायी मी पाच महिने डोकं आपटलं, ते बिल मंगेशने माझं ऐकून बदललं असतं, तर आज म्हाताऱ्याच्या हातात काहीच पडलं नसतं. याचा तर मला सगळ्यात जास्त राग आला.

"डॉक्टरांकडे काय सांगितलंय?"

"बाथरूम."

"ऑपरेशनच्या आधी तिथे खरं सांगितलं तर अजून सगळं नीट होईल. नंतर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगून चालणार नाही. काकांनी स्वतः सांगायला पाहिजे."

"ते नाही सांगणार मॅडम."

"बघू."

वर येऊन मी गुलाबरावांच्या समोर खुर्ची ओढून बसले. रेणुका चहा घेऊन आली. मंगेश पंख्याकडे बघत उभा राहिला. मी दसऱ्याला विचारला होता तोच प्रश्न विचारला. "काका, सायकल चालवणार कोण? चालवत कोण होतं?"

रेणुकाने आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे बघितलं.

"बाई," गुलाबराव खाली बघत म्हणाले, "मी सांगतलं तर सायकल जाते."

रेणुकाच्या हातातला ट्रे टेबलावर जरा जोरात टेकला. तिला सगळं कळलं होतं.

"अन् नाही सांगितलं तर?" मी म्हटलं. "उपचार आणि सायकलची दुरुस्ती, सगळं मंगेशच्या अंगावर. हक्काचं असून. ते चालेल तुम्हाला?"

त्यांनी झोळीतल्या हाताची बोटं हलवून बघितली. मग म्हणाले, "लिहा. मीच पडलो. कुत्रं आडवं आलं, म्या ब्रेक दाबला. गावच्या सायकलचा ब्रेक दाबला का ती इचार करते, मंग थांबते. ही जागच्या जागी थांबली, म्या पुढं गेलो. ब्रेक लय चांगला हाये, थेच चुकलं. अन् हे बी लिहा का हात नीट झाल्यावर मी परत बसीन."

"बाबा!" रेणुका इतक्या जोरात ओरडली की मंगेश दचकला. "कुठपर्यंत जात होते तुम्ही?"

"फेटरीच्या पुढं."

"फेटरीच्या पुढं! शहराबाहेर दहा-बारा किलोमीटर! ट्रकच्या रस्त्यानं, हेल्मेट नाही, काही नाही! कोणाले विचारून?"

गुलाबरावांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाईनंच सांगतलं होतं. भारतभर चालते म्हणून."

आता रेणुका माझ्याकडे बघायला लागली. मी चहा प्यायला घेतला तर तोही गार झालेला.

मला वाटलं आता ही फोन उचलणार आणि काटोलला लावणार. ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडायला लागली. "तुम्ही दोघं मिळून मले फसवून राहिले होते. मी एवढी वाईट हाये का बाबा? मले काहून नाही सांगितलं? मी नाही म्हटलं असतं, भांडले असते, हो. पण हेल्मेट तर आणलं असतं ना!"

त्यावर म्हातारा गडबडला. डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थापटत म्हणाला, "रडू नको वं माय. आण मंग हेल्मेट."

संध्याकाळी ते स्वतः डॉक्टरांना खरं काय ते सांगून आले. कंपनीच्या सर्व्हेअरने मला फोन करून विचारलं, "मॅडम, सत्तरीला टेकलेला माणूस माउंटन बाइक चालवतो? थट्टा करता का?" मी म्हटलं, जाऊन विचारा फेटरीला. तो गेला. तिथला चहावाला म्हणाला, रोज येतात, बिनसाखरेचा घेतात, आणि काटोलकडच्या रस्त्याकडे तोंड करून पितात. क्लेम पास झाला.

पुढच्या दसऱ्याला मी नूतनीकरणासाठी पुन्हा त्यांच्याकडे गेले. सायकलसोबत या वेळी हेल्मेटलाही हळदकुंकू लागलेलं होतं. रेणुकाने नियम घालून दिले होते: फेटरीच्या पुढे जायचं नाही, मोबाइल सोबत ठेवायचा, कुलूप लावल्याशिवाय सायकल सोडायची नाही. गुलाबराव सगळ्याला हो म्हणत होते. मंगेश मात्र होता तसाच, सोफ्यावर बसून जिलेबी खात होता. शुगर असताना.

मी गुलाबरावांना स्पष्ट सांगितलं, "काका, सत्तरी झाली की चालवणाऱ्याचं कव्हर कंपनी देत नाही. यंदाचं शेवटचं."

"अस्सं," ते म्हणाले. "मंग यंदाच करा लागते."

"काय करावं लागतं?"

"काही नाही. सही कुठं करू?"

आणि मी, इतकी वर्षं माणसं वाचून पोट भरणारी बाई, बोट ठेवून सहीची जागा दाखवली!

त्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी रेणुकाचा फोन आला. "ताई, बाबा तुमच्याकडं आले का?" बाबा घरात नव्हते. सायकल नव्हती. हेल्मेट नव्हतं. मोबाइल मात्र टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला. मंगेश मोटरसायकल घेऊन फेटरीला गेला होता. चहावाल्याने सांगितलं, आज अंधारातच आले, थांबले नाही, नुसता हात केला अन् समोर गेले.

मी काही सुचत नाही म्हणून भांडी घासायला घेतली. रेणुकाचा पुन्हा पुन्हा फोन. मंगेश पुढे पुढे जाऊन रस्त्यावर विचारत होता. कंपनीचा कागद कितीही मोठा असला तरी त्यातलं काय माझ्या कामाचं होतं त्या सकाळी? माणूस सापडला पाहिजे, एवढंच. नवरा म्हणाला, "येतील गं." मी त्याच्यावर खेकसले.

दुपार कलताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, मी गुलाबराव. पोचलो."

"कुठे पोचलात?"

"गावी. वावरात हाये. भावाच्या फोनवरून बोलून राहिलो. तुमचा नंबर सायकलवर होता, म्हणून लावला."

मला रडू येत होतं की ओरडावंसं वाटत होतं, मलाच कळेना. मी ओरडले. "काका, घरी काय हाल आहेत माहीत आहे का? रेणुका रडते आहे, मंगेश रस्त्यारस्त्याने शोधतो आहे! घरी आधी फोन करायचा की मला?"

"रेणुकाले मी भेतो, बाई. तिले तुम्हीच सांगा. तुमचं थे समजावून सांगाचं काम चांगलं हाये."

मागे विहिरीच्या मोटारीचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं, गुलाबरावही हसत होते. मी त्यांना कधी हसताना ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडाला सवयीचं जे होतं तेच निघालं.

"सायकलला कुलूप लावलं का?"

"लावलं ना."

"कशाला?"

"विहिरीवरच्या आंब्याले."

"झाडाला? काका, अचल वस्तूला लावायचं असतं. किती वेळा सांगितलं!"

"बाई," ते म्हणाले, "माह्या बापानं लावलेला आंबा हाये. मी गेलो नागपूरले, थो नाही हालला."